दुरुस्तीनंतरही गाडी ऑइल का पिते?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या वार्षिक अंकात कथा, कविता, प्रवासवर्णने आणि साहित्यिकांवरील लेख दरवर्षी वाचावयास मिळतात. त्यात कला शाखेच्या एका विद्यार्थ्याने इंजिनावर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका बोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये गेली बावीस वर्षे मशीनवर उभे आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बोअर, होनिंग, लायनर, रिंगा हे शब्द जेवणाच्या ताटावर बसूनच मी ऐकले; त्यांचा अर्थ मात्र पुढे पुस्तके वाचताना उलगडत गेला. परदेशी स्पोर्ट्स कारविषयी वाचण्याचा नाद लागला तेव्हा एक गंमत लक्षात आली. गाडी जर्मनीतली महागडी असो की आमच्याकडचा गुळाचा ट्रक असो, दोन्हींच्या मालकांची तक्रार अगदी एकसारखी असते : "एवढे पैसे घालून इंजिन नवे केले, तरी गाडी ऑइल पितेच कशी?"

या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसले की काय होते ते मी पाहिले आहे. चांगले बांधलेले इंजिन पुन्हा खोलले जाते, कामगाराची मजुरी अडकते, आणि कित्येकदा खरा दोष दुसरीकडेच राहून जातो. म्हणून हा विषय शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम इंजिनात ऑइलचे काम काय ते पाहू. सिलिंडर म्हणजे एक गोल पोकळ नळी. तिच्यात पिस्टन खालीवर धावतो. पिस्टन आणि नळीची भिंत यांच्यामध्ये अगदी बारीक फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर पिस्टन फुगतो. ही फट रिंगा बुजवतात. बहुतेक पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः स्फोटाचा वायू वरच्या वर अडवतात. तिसरी ऑइलची रिंग. खालून भिंतीवर उडालेले ऑइल ती खरवडून परत खाली पाठवते आणि भिंतीवर केवळ एक पातळ थर ठेवते. हा थर राहिला नाही तर लोखंडावर लोखंड घासून इंजिन जाम होईल, आणि थर जाड झाला तर जादा ऑइल पेट्रोलबरोबर जळून निळा धूर होऊन बाहेर पडेल.

याचा अर्थ असा की थोडेसे ऑइल जळणे हे प्रत्येक इंजिनाच्या नशिबीच असते. किती, हा प्रश्न आहे. एक साधा हिशेब करून पाहू. चार सिलिंडरची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने, मिनिटाला ३००० फेरे या गतीने चालली आहे असे समजा. १००० किलोमीटर जायला १० तास लागतील. तेवढ्या वेळात इंजिनाचे १८ लाख फेरे होतील. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एक स्फोट होतो, म्हणजे चार सिलिंडरचे मिळून ३६ लाख स्फोट झाले. एवढ्या प्रवासात एक लिटर ऑइल जळाले, आणि लिटरात साधारण २० हजार थेंब धरले, तर १८० स्फोटांमागे एक थेंब जळाला. ज्या गाडीला आपण "ऑइल पिणारी" म्हणतो तिच्यातही चूक इतकी सूक्ष्म असते! म्हणूनच ती नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. सिलिंडर झिजून लंबगोल झाला की तो मशीनवर बोअर करून पुन्हा गोल करतात, आणि त्यात किंचित मोठा पिस्टन व नव्या रिंगा घालतात. शेवटी होनिंगच्या दगडांनी भिंतीवर एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. नवख्या माणसाला वाटते की भिंत आरशासारखी लखलखीत हवी. ती तशी नको असते. आपल्या घरातील जाते वापरून गुळगुळीत झाले की पीठ नीट पडत नाही, म्हणून ते टाकवून घेतात; सिलिंडरच्या रेघांचे कामही काहीसे तसेच आहे. या रेघांच्या खाचांत ऑइल धरून राहते, आणि त्यांच्या टोकदार कडांवर घासून नवी रिंग त्या भिंतीपुरती घडत जाते. नवी रिंग आणि नवी भिंत, दोन्ही कितीही काळजीने केलेल्या असल्या तरी पहिल्या दिवशी त्या एकमेकींना सर्वत्र टेकत नाहीत. शेवटचा हात गाडी चालवतानाच फिरतो. यालाच मिस्त्री लोक "रिंगा बसणे" म्हणतात. तोवर पहिल्या काहीशे किलोमीटरांत ऑइल जास्त लागणे स्वाभाविक आहे.

येथे एक गैरसमज फार मोठा आहे. नवे इंजिन जितके हळू आणि जितके हलके चालवावे तितके चांगले, असे बहुतेकांना वाटते. वास्तविक रिंग भिंतीवर दाबली जाते ती केवळ स्वतःच्या ताणाने नव्हे. स्फोटाचा वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला मागून भिंतीवर रेटतो. इंजिनावर भारच नसेल तर स्फोट दुबळा, आणि स्फोट दुबळा तर रिंगेवरचा रेटा दुबळा. मग रिंग भिंतीवर नुसती तरंगते, भिंतीवरचे ऑइल तापून वार्निशसारखे चिकटते, खाचा भरून जातात आणि भिंत चकचकीत होते. एकदा असे झाले की पुढे कितीही चालवा, रिंगा बसत नाहीत. सिलिंडर पुन्हा होन करावा लागतो.

तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या वर्कशॉपमध्ये असाच प्रसंग घडला. एका ट्रकच्या इंजिनाचे बोअरिंग करून दिले होते. मालकाने गाडी जपायची म्हणून चार दिवस रिकामी, गावातल्या गावात फिरवली, आणि निळा धूर पाहून तो परत आला. राहिलेले पैसे देणार नाही, काम फुकट पुन्हा करून द्या, असे त्याचे म्हणणे. वर्कशॉपच्या मालकाने ती रक्कम कामगारांच्या पगारातून कापण्याची भाषा सुरू केली. वडील एवढेच म्हणाले, "मालक, गाडी रिकामी फिरवू नका. माल भरा, घाट चढवा, मधे मधे दम खाऊ द्या, आणि मग या. तरी धूर दिसला तर मी माझ्या हाताने खोलतो." ट्रक गूळ भरून गगनबावड्यामार्गे कोकणात उतरला आणि परतीचा मालही भरूनच घाट चढून आला. दोन फेऱ्यांनंतर धूर दिसेनासा झाला. पैसे मिळाले, पण तेवढ्या आठवड्यात आमच्या घरात कोणी मोकळेपणाने बोलत नव्हते हे मला आठवते. आणखी चार दिवस ती गाडी रिकामी फिरली असती तर भिंती चकचकीत होऊन गेल्या असत्या, आणि दोष वडिलांच्या होनिंगवर आला असता.

स्पोर्ट्स कारमध्ये हीच गोष्ट अधिक नाजूक होते, कारण तिच्या सिलिंडरची भिंत पुष्कळदा लोखंडाची नसतेच. वजन कमी करण्यासाठी ती अॅल्युमिनियमची करतात. अॅल्युमिनियम मऊ, त्यावर रिंग घासली की ते खरवडले जाणार. यावर दोन निराळे तोडगे निघाले. पहिला तोडगा निकासिल नावाचा. यात अॅल्युमिनियमच्या भिंतीवर निकेलचा पातळ मुलामा देतात आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे अतिशय कठीण कण मिसळलेले असतात. जर्मनीच्या माले कंपनीने तो विकसित केला. पोर्श कंपनीने तो आपल्या ९१७ या शर्यतीच्या गाडीत वापरला. याच गाडीने १९७० आणि १९७१ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस या रस्त्यावरच्या गाडीतही तो आला. दुसरा तोडगा अॅलुसिलचा. यात मुलामा नसतो. अॅल्युमिनियममध्येच सुमारे १७ टक्के सिलिकॉन मिसळून संपूर्ण ब्लॉक ओततात. मग भिंतीवरचे मऊ अॅल्युमिनियम किंचित मागे हटवतात, म्हणजे सिलिकॉनचे कठीण कण उंचवट्यासारखे वर राहतात. रिंग त्या कणांवरून धावते आणि कणांच्या मधल्या खोलगट जागेत ऑइल थांबते. १९७७ ची पोर्श ९२८ आणि १९८२ पासूनची ९४४ या गाड्यांचे ब्लॉक या पद्धतीचे आहेत. त्यांच्या पिस्टनवरही लोखंडाचा पातळ लेप असतो.

आता अशी एखादी ९४४ आपल्या नेहमीच्या पद्धतीने दुरुस्त केली तर काय होईल याची कल्पना करा. नेहमीच्या होनिंगच्या दगडाने लोखंडात सुरेख रेघा पडतात. येथे मात्र तो दगड सिलिकॉनचे कण फोडतो, उपटतो आणि मऊ अॅल्युमिनियम त्यांच्यावर सारवतो. काम दिसायला नेटके दिसते. गाडी सुरूही होते. पण पिस्टन आता मऊ धातूवर घासू लागतो, भिंतीवर चरे पडतात आणि दुरुस्तीपूर्वी जेवढे ऑइल लागत नव्हते तेवढे दुरुस्तीनंतर लागू लागते. निकासिलचेही तसेच. तो मुलामा इतका पातळ असतो की बोअरिंगच्या मशीनवर घेतला तर निघूनच जाईल, आणि त्यावर कोणत्याही धातूची रिंग चालत नाही. कंपनीने सांगितलेलीच घालावी लागते. अमेरिकेत १९७० साली आलेल्या शेव्हरोले व्हेगा या लहान मोटारीचा ब्लॉकही १७ टक्के सिलिकॉनच्या अॅल्युमिनियमचा व बिनलायनरचा होता. इंजिन तापून त्याच्या भिंती खरवडल्या गेल्या, ऑइलचा खप वाढला, आणि अनेक ब्लॉकमध्ये शेवटी लोखंडी लायनर ठोकून ते वापरात आणावे लागले. धातूचा स्वभाव ओळखल्याशिवाय हत्यार उचलू नये, हे वडील नेहमी सांगतात ते येथे तंतोतंत लागू पडते.

परंतु सारा दोष भिंतीचा व रिंगांचाच असतो असेही नाही. ऑइलला वर जाण्याच्या वाटा आणखी आहेत. इंजिनाच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, वॉल्व्ह असतात. वॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिला गाइड म्हणतात, आणि गाइडच्या तोंडाशी रबरी सील असते. गाइड झिजले किंवा सील कडक झाले की ऑइल दांडीवरून खाली झिरपते. पुष्कळ वेळा खर्च वाचवण्यासाठी फक्त खालचे काम करतात, पिस्टन व रिंगा नव्या घालतात आणि हेड जुनेच बसवतात. मग नव्या रिंगांमुळे सिलिंडर घट्ट होतो, त्याची ओढ वाढते, आणि तीच ओढ झिजलेल्या गाइडमधून ऑइल अधिक जोराने खेचते. मालक म्हणतो, दुरुस्तीने गाडी बिघडली. खरे पाहता जुना दोष आता उघडा पडलेला असतो.

बांधणीतल्या लहान चुकाही येथे महाग पडतात. दुसरी रिंग बहुधा किंचित तिरप्या कडेची असते. तिची वरची बाजू वर ठेवण्यासाठी तिच्यावर खूण असते. ती उलटी बसली तर ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर ढकलते. ऑइलची रिंग पुष्कळदा तीन भागांची असते, दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये स्प्रिंगसारखी जाळी. त्या जाळीची दोन टोके एकमेकांना भिडलेली हवीत. ती एकावर एक चढली तर रिंगेचा ताणच नाहीसा होतो. अशा गाडीत कॉम्प्रेशन मोजले तर ते उत्तम येते, कारण वायू अडवण्याचे काम वरच्या दोन रिंगांचे आहे. म्हणून "कॉम्प्रेशन चांगले आहे, म्हणजे रिंगा चांगल्या आहेत" हे वाक्य अर्धेच खरे आहे.

कधी कधी तर दोष इंजिनात नसून मोजणाऱ्याच्या हातात असतो. पोर्श ९११ चेच उदाहरण घ्या. १९६४ पासून १९९८ पर्यंत तिचे इंजिन हवेने थंड होणारे होते. त्याचे सहा सिलिंडर उभे नसून तीन-तीन असे दोन बाजूंना आडवे झोपलेले असतात, आणि ऑइल इंजिनाच्या तळाशी न राहता वेगळ्या टाकीत साठते. या गाडीचे ऑइल सपाट जागेवर, इंजिन पुरते तापलेले व सुरू असताना मोजायचे असते. आपण आपल्या सवयीने सकाळी थंड, बंद गाडीची डिपस्टिक काढून पाहिली तर पट्टी कोरडी दिसू शकते. घाबरून मालक ऑइल ओततो. गाडी तापली की टाकी प्रमाणाबाहेर भरते, जादा ऑइल हवा बाहेर टाकणाऱ्या नळीवाटे हवेच्या फिल्टरकडे जाते, तेथून इंजिनात जाऊन जळते आणि धुराचा लोट निघतो. दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा कोरडी! पुन्हा ऑइल! इंजिन निर्दोष असूनही ते "पिणारे" ठरते. शिवाय सिलिंडर आडवे असल्यामुळे गाडी काही दिवस उभी राहिली की थोडे ऑइल त्यांत शिरते, आणि सुरू करताना क्षणभर धूर दिसतो. तेवढ्यावरून इंजिन खोलण्याचे कारण नाही.

जास्त म्हणजे किती, हेही गाडीगणिक बदलते. ९११ च्या माहितीपुस्तिकांत १००० किलोमीटरला दीड लिटरपर्यंतचा खप चालण्यासारखा मानलेला आहे. रोजच्या वापरातल्या मोटारीला एवढे ऑइल लागले तर मालक डोक्याला हात लावील. जपानच्या माझ्दा कंपनीच्या आरएक्स-७ (१९७८) आणि आरएक्स-८ या गाड्यांत पिस्टनच नसतो. तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या टोकांवरच्या सीलना ओलावा मिळावा म्हणून एक छोटा पंप मुद्दाम थोडे थोडे ऑइल स्फोटाच्या जागेत सोडतो. तेथे ऑइल जळणे ही रचनाच आहे. दोष समजून कोणी तो पंप बंद केला, आणि ओलाव्याची दुसरी सोय केली नाही, तर सील झिजून इंजिनच जाईल.

तेव्हा दुरुस्तीनंतर गाडी ऑइल पिऊ लागली तर क्रम असा ठेवावा. आधी कंपनीने सांगितलेल्या रीतीनेच ऑइल मोजावे, किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा, आणि किती ओतले ते मापाने नोंदवावे. अंदाजावर भांडू नये. मग गळती पाहावी; गाडीखाली पडणारे ऑइल जळत नसते. त्यानंतर हवा बाहेर टाकणारी नळी तुंबली आहे का ते पाहावे, कारण ती तुंबली की आतला दाब ऑइलला मिळेल त्या वाटेने ढकलतो. मग धूर वाचावा. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना निळा धूर सोडला तर वॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यावा. उतारावर पाय काढून गाडी सोडली आणि पुन्हा दाबताच धूर आला तर गाइडवर. चढावर, जोरात असताना सतत आला तर रिंगांवर. पांढरी वाफ पाण्याची आणि काळा धूर जादा पेट्रोलचा, हे ध्यानात ठेवावे. अलीकडच्या गाड्यांत धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असल्याने धूर कमी दिसतो, म्हणून स्पार्क प्लग काढून कोणता ओला आहे ते पाहणे बरे. नंतर कॉम्प्रेशन घ्यावे. कमी आले तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यावे. वाढले तर गळती रिंगांकडून, न वाढले तर बहुधा वॉल्व्हकडून. आडव्या सिलिंडरच्या ९११ मध्ये मात्र ऑइल एकाच बाजूला साचत असल्याने ही युक्ती भरवशाची नाही. तेथे दाबाची हवा भरून ती कोठून निसटते ते ऐकावे. एवढे सगळे झाल्यावरच पाना हातात घ्यावा.

या सर्वांत मालकाने करण्याची एक गोष्ट अशी की कारण सापडेपर्यंत ऑइलची पातळी कमी होऊ देऊ नये. स्पोर्ट्स कार वळणावर जोरात जाते तेव्हा तळातले ऑइल एका बाजूला सरकते. पातळी कमी असेल तर पंपाचे तोंड उघडे पडते, क्षणभर हवा ओढली जाते, आणि तेवढ्या क्षणात बेअरिंग जळू शकते. जळालेल्या एका लिटरची किंमत फार नसते. जळालेल्या बेअरिंगची असते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांचा इंजिनाशी संबंध बसच्या खिडकीपुरता असेल. पुढे कधी तुमच्यापैकी कोणाची स्वतःची गाडी होईल, ती दुरुस्तीला जाईल, आणि दुरुस्तीनंतर निळा धूर सोडील. त्या वेळी मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला पहिला शब्द रागाचा बोलण्यापूर्वी वहीत किलोमीटर लिहा, ऑइल मापाने ओता, आणि गाडीला थोडा माल लावून घाट दाखवा. त्यानंतरही ती पीत असेल, तर ती नोंद घेऊनच त्याच्याकडे जा. चांगला मिस्त्री ती वही पाहून तुम्हाला खुर्ची देईल.